काशिनाथ, तुझं सोपं रूप

काशिनाथ, तू गेलास म्हणून तुझं म्हणणं बरोबर ठरत नाही. हे आधीच सांगून ठेवते, कारण तुझं बारावं झाल्यापासून जो तो मला तेच सुचवतोय. आपल्या कामातल्या अनघाचा पुण्याहून फोन आला. रडत म्हणाली, "बाई, आता त्याच्या मनासारखं करून टाकू या ना." मी तिला म्हटलं, गणितात कुणाच्या मनासारखं करता येत नाही. फोन ठेवला आणि मग मीही रडले. पण मत बदललं नाही.

आपला वाद काय होता हे तुला सांगायची गरज नाही. पण हे दुसऱ्या कुणाच्या हातात पडलं तर त्याला कळावं म्हणून मांडते. शिक्षिकेची खोड आहे, दिलेलं काय आणि काढायचं काय हे लिहिल्याशिवाय माझा हात पुढे सरकत नाही. तर बीजगणित करणारं एक फुकटात मिळणारं सॉफ्टवेअर होतं. तू खोडाळ्याच्या बाजारातल्या खोलीत बसून दिवसा पुण्याच्या कंपनीचं काम करायचास, आणि ते संपलं की अनघाला बरोबर घेऊन त्या सॉफ्टवेअरची आश्रमशाळेतल्या पोरांसाठी मराठी आवृत्ती तयार करायचास. पोरांनी राशी लिहायची, उत्तर लिहायचं, यंत्रानं तपासायचं. राशीला सोपं रूप कसं द्यायचं याचे नियम तू बसवायचास. ते गणिताला धरून आहेत की नाहीत हे जव्हारला बसून मी बघायची.

वाद एवढाच होता की यंत्रानं सोपं रूप कधी द्यायचं. आपल्या यंत्रात ते आपोआप होत असे. पोरानं क्ष अधिक क्ष लिहून एंटर दाबलं की पडद्यावर दोन क्ष. क्ष भागिले क्ष लिहिलं की एक. पोरानं लिहिलेलं मागे उरत नसे. माझं म्हणणं, हेच योग्य आहे. तुझं म्हणणं, न विचारता यंत्रानं हात लावायचा नाही. पोराचं लिहिलेलं जसंच्या तसं पडद्यावर राहील, त्यानं 'सोपं कर' असं बटण दाबलं तरच सोपं होईल. शाळांत बसवण्याआधी हे एक ठरवून टाकायचं होतं. तू फोनवर म्हणालास, "बाई, शेवटचा शब्द तुमचा. अनघा थांबलीय." मी म्हटलं, विचार करून सांगते.

खरं तर विचार झालेला होता. मी नाहीच म्हणणार होते.

तू अकरावीत माझ्या वर्गात आलास ते वसतिगृहातलं एक काटकुळं पोर म्हणून. डोळे पिवळसर. खिडकीजवळ ऊन यायचं त्या बाकावरच बसायचा हट्ट, आणि मैदानावर पळायला साफ नकार. मला वाटलं, आळशी असेल. एकदा मधल्या सुट्टीत विचारलं तर म्हणालास, "मला सिकल सेल आहे बाई, रक्ताचा आजार. दोन्हीकडून." मला नीट कळलं नाही हे तुझ्या लक्षात आलं. तू फळ्यापाशी गेलास, खडू घेतलास आणि चार चौकोन काढलेस. आईत अर्धं, बापात अर्धं. एक चौकोन निरोगी, दोन अर्धे, एक पूर्ण. त्या शेवटच्या चौकोनावर बोट ठेवून म्हणालास, "आमच्या घरात हा पाव मी." उत्तर सांगताना पोरं जसा आवाज काढतात तसा तुझा आवाज होता. मी म्हटलं, "पाव काय, किराणा घेतोयस का? एक चतुर्थांश म्हण." तू हसलास. आपलं जमलं ते तिथून.

मग तू नाशिकला गेलास, एम.एस्सी. झालास, पुण्यात नोकरीला लागलास. थंडीत दर वर्षी दुखणं उफाळायचं. शेवटी कंपनीला सांगून तू खोडाळ्याला परतलास. लोक म्हणाले, शिकून सवरून पोरगा घरी येऊन बसला. मला मात्र आनंद झाला, स्वार्थी आनंद. निवृत्त झाल्यापासून मला कुणी गणित विचारत नव्हतं. विचारायचे ते गुडघ्यांचं आणि पेन्शनचं. तुझा पहिला फोन आला तो असा, "बाई, वर्गमुळात क्ष वर्ग असेल तर यंत्रानं क्ष लिहायचं का?" मी ताडकन म्हटलं, "मुळीच नाही. क्ष ऋण असेल तर?" तू म्हणालास, "हेच ऐकायचं होतं. येता का कामावर?" इतक्या वर्षांत मला इतकं चांगलं आमंत्रण कुणी दिलं नव्हतं.

त्यानंतर रोज संध्याकाळी तुझा फोन. शेजारच्या बायका विचारायच्या, मुलाचा फोन का हो? मी म्हणायची, नाही, भांडणाचा. आणि आपण भांडायचोच की. तू यंत्राची बाजू घ्यायचास असं लोकांना वाटेल, पण उलटंच होतं. यंत्राची वकिली मी करायची. मी म्हणायची, वर्गात चाळीस पोरं चाळीस तऱ्हेनं उत्तर लिहितात. सगळ्यांना एका रूपात आणल्याशिवाय तपासणार कसं? दोन उत्तरांची वजाबाकी करायची, सोपं रूप द्यायचं, शून्य आलं की दोन्ही एकच. यात बिघडलं काय? तू म्हणायचास, "ते यंत्रानं पोटात करावं ना. पोराच्या डोळ्यांदेखत त्याचं लिहिलेलं कशाला पुसायचं?" मी म्हणायची, प्रश्नच मुळी 'सोपे रूप द्या' असा असतो. मी जन्मभर तेच शिकवलं. अर्धवट राशी पडद्यावर ठेवून त्यांना वाटेल, हेही चालतं.

मग तू तुझं आवडतं हत्यार काढायचास. "बाई, काही राशी अशा असतात की त्या शून्य आहेत की नाहीत हे दर वेळी सांगेल असं यंत्र बनूच शकत नाही. सिद्ध झालंय ते." मी विचारायची, मग यंत्रानं काय करावं, हातावर हात ठेवून बसावं? "म्हणावं, मला माहीत नाही. आपल्याकडे हे वाक्य कुणी म्हणत नाही." मी म्हणायची, आठवीतल्या पोरांच्या राशी तशा नसतात, उगाच सुतावरून स्वर्गाला जाऊ नकोस. तू 'बघतो' म्हणून फोन ठेवायचास. तो 'बघतो' ऐकला की मला कळायचं, उद्या नवा मुद्दा घेऊन येणार.

नवा मुद्दा साखरशेतहून आला. तिथल्या शाळेत आपण चाचणी घेतली होती. तुझी तब्येत तेव्हा बरी होती, मोटारसायकलवरून तूच लॅपटॉप नेलेस, मी एस.टी.नं आले. क्ष वर्ग वजा नऊ, भागिले क्ष वजा तीन. सोपे रूप द्या. आधी पोरांनी दिलेली राशी लिहायची, मग खाली उत्तर. दुपारी निकाल बघितला तर पूर्ण वर्गाचं उत्तर चूक. नुसतं चूक नाही, सगळ्यांचं एकसारखं चूक. प्रत्येकाच्या राशीत अंशस्थानी एक 'त' अक्षर जास्तीचं जोडलेलं. क्ष वर्ग वजा नऊ अधिक त.

मी भडकले. म्हटलं, ही उघड कॉपी आहे, आणि कॉपीही धड करता आली नाही. तू पडद्याकडे बघत राहिलास. मग पहिल्या बाकावरच्या मुलीला जवळ बोलावलंस. मनीषा तिचं नाव, नववीतली. तू तिच्याशी पाड्याच्या बोलीत बोललास, मी समोर होते म्हणून ती शाळेच्या मराठीत उत्तर द्यायला धडपडत होती. तू विचारलंस, हे 'त' कुठलं? ती खाली बघून म्हणाली, "तीट लावली सर."

"कशाला?"

"आम्ही लिहिलेलं मशीन खातं. लिहिलं की जातं. पुन्यांदा लिहिलं, पुन्यांदा गेलं. मंग सुरेखानं ते अक्षर लावलं त मंग नाय गेलं. मंग समद्यांनी लावलं."

बाळाला नजर लागू नये म्हणून गालावर काजळाचा ठिपका लावतात, तसा त्यांनी राशीला लावला होता. आणि युक्ती चालली होती, काशिनाथ. तो 'त' मध्ये आल्यावर अवयव पडेनात, छेद जाईना, यंत्र हात चोळत बसलं. मी विचारलं, अगं पण पहिल्यांदा यंत्रानं क्ष अधिक तीन दाखवलं, तेच तर उत्तर होतं! ते का नाही लिहिलंस? ती म्हणाली, "मला वाटलं चुकलं आसंल. चुकलं मंगच काढून टाकतात ना."

तू लॅपटॉप मिटलास आणि बाहेर जाऊन हसत उभा राहिलास. हसता हसता तुला धाप लागली. मी चिडलेलीच होते. म्हटलं, हसतोस काय, सगळी चाचणी पाण्यात गेली. तू म्हणालास, "बाई, ही मुलं शाळेत येतात तेव्हा घरचं जे बोलतात ते बाई दुरुस्त करतात. न सांगता, तोंडातून निघायच्या आत. आता पडद्यावर पण तेच. ती तीट लावणार नाही तर काय करणार?" मी म्हटलं, ही भाषेची गोष्ट झाली. गणितात सोपं रूप म्हणजे दुरुस्ती नसते, तीच राशी असते. "तीच नसते," तू म्हणालास. "क्ष तीन असेल तेव्हा पहिलीचा छेद शून्य होतो, ती बोलत नाही, दुसरी सहा म्हणून मोकळी होते." ते खरं होतं. पण तेवढ्यासाठी मी हरायला तयार नव्हते. एका बिंदूसाठी कुणी पूर्ण रेघ टाकून देतं का?

परतताना रस्त्यात थांबून आपण चहा प्यायलो. तिथं तू मला तुझ्या मोठ्या भावाचं सांगितलंस. तुझ्या जन्माआधी तुमचं घर वावर गावाच्या बाजूला होतं. पाड्यापाड्यांवर लहान मुलं गेली त्या वर्षांत तोही गेला. गाड्या आल्या, साहेब आले, सगळ्या मुलांच्या पुढे एकच शब्द लागला, कुपोषण. "शब्द खोटा नव्हता बाई," तू म्हणालास. "भूक होतीच. आई सांगते ना, घरात कंद उकडून खायचे. पण त्याचे हातपाय सुजायचे, रात्रंदिवस रडायचा, डोळे माझ्यासारखे पिवळे होते. भुकेबरोबर अजून काय होतं ते कुणी विचारलं नाही. एक कारण सापडल्यावर दुसरं कशाला बघतील?" तू हे अगदी शांतपणे बोललास. मग म्हणालास, "हे मी वादात वापरणार नाही. वादात गणितच राहू दे." आणि खरंच कधी वापरलं नाहीस. तुझा हा गुण मला फार आवडायचा, तुला सांगितला नाही, कारण तू लगेच शेफारला असतास.

आता दवाखान्याचं. ते लिहायला नको वाटतं, पण लिहिते.

तुझ्या आईचा, सोनीबाईंचा फोन आला तेव्हा दुपार होती. शेजाऱ्याच्या जीपमधून तुला मोखाड्याच्या दवाखान्यात आणलं होतं. मी जव्हारहून पोचेपर्यंत तासभर तरी गेला असेल. तू खाटेवर होतास, सलाईन लावलेलं होतं, आणि तुझा श्वास वर वर चालला होता. तुझे निळे पडलेले ओठ बघितले आणि मी डॉक्टरला गाठलं. डॉक्टर पोरसवदा होता, बाहेर रांग होती, चेहऱ्यावरून तो सकाळपासून जेवला नसावा. मला म्हणाला, "ताप आहे, रक्त कमी आहे, अशक्तपणा आहे. इथं सगळ्यांचं तेच असतं." मी म्हटलं, डॉक्टर, याला सिकल सेल आहे, दोन्हीकडून, लहानपणापासून, आणि आता छातीत गेलंय. त्याचा चेहरा एकदम बदलला. मग पळापळ झाली. ऑक्सिजन आला, नाशिकला फोन झाला, ॲम्ब्युलन्स मागवली. त्या गडबडीत तो सोनीबाईंवर ओरडला, "अहो आई, हे आधी का नाही सांगितलं?"

त्या म्हणाल्या, "सांगितलं ना. आल्या आल्या समदं सांगितलं."

सांगितलं होतं. मी नंतर त्यांच्या तोंडून इतक्यांदा ऐकलंय की मला आता पाठ आहे. "काल उठला त म्हने, आये, पाय दुखतात. मी म्हनलं वारा गार हाये, भायेर नको बसू. पेज दिली त अर्धी वाटी प्यायला. मंग छातीत दुखाय लागलं. माझा थोरला बी असाच व्हता, त्याच्या रगतात बी आसंलच, तवा कोनी बघितलं नाय. याचं रगत नाशकात बघितलं, बारका व्हता तवा, त्या डाक्टरनं सांगितलं, याला जपा. गोळ्या व्हत्या त्या संपल्या, बाजाराच्या दिशी आनू म्हनला, बाजाराला पावसानं गेला नाय..." असं ते चालतं. त्यात सगळं आहे. आजार आहे, त्याचा इतिहास आहे, गोळ्या संपल्याचं आहे, छातीचं आहे. पण ते पेजेच्या आणि वाऱ्याच्या मध्ये आहे, आणि दारात रांग आहे. त्या पोरानं त्यातून 'रगत' तेवढं उचललं, त्याला नेहमीचं रूप दिलं आणि पुढच्या पेशंटकडे वळला. मी त्याला शिव्या द्यायला बसले होते. देता येईनात. त्याच्या जागी मी असते तर सोनीबाईंच्या पेजेपाशीच म्हटलं असतं, आई, मुद्द्याचं बोला.

तुझ्यावर मात्र माझा राग आहे, आणि तो मी गिळणार नाही. गोळ्या संपल्या होत्या तर मला का नाही सांगितलंस? जव्हारात मिळत होत्या. रोज संध्याकाळी वर्गमुळांवर तासभर बोलत होतास, त्यात एक वाक्य घालता येत नव्हतं? दुसऱ्यांच्या राशीतली एकही अट सुटू द्यायचा नाहीस आणि स्वतःची अट बाजाराच्या दिवसावर ढकललीस. शहाण्या माणसाचा मूर्खपणा मूर्खाच्या मूर्खपणापेक्षा महाग पडतो, एवढंच म्हणते.

ॲम्ब्युलन्समध्ये मी तुझ्या डोक्याशी बसले, सोनीबाई पायाशी. मोखाड्याचा घाट, वळणं, दोन्ही बाजूंना नागलीची हिरवी शेतं. तोंडावर मास्क होता, त्यामुळे तू बोलला नाहीस, की तुला बोलायचं नव्हतं, मला कळलं नाही. एकदा माझ्याकडे बघितलंस. मी तुझा हात धरला होता आणि मूर्खासारखी म्हणत होते, अरे, मी तुला उत्तर देणार आहे, अजून दिलेलं नाही, थांब जरा. त्र्यंबक यायच्या आत तू गेलास. ड्रायव्हरनं गाडी कडेला घेतली. सोनीबाई तुझे पाय चोळतच होत्या, गार पडलेत म्हणून. त्यांना थांबवायचं काम मला करावं लागलं, आणि आयुष्यात मी केलेलं तेवढं वाईट काम दुसरं नाही.

मग लोक आले आणि तुला सोपं करायला लागले. आपल्या कॉलेजात शोकसभा झाली. एकानं तुला 'दुर्गम भागातला हिरा' म्हटलं, दुसऱ्यानं 'जिद्दीचं प्रतीक', तिसऱ्याला तुझं आडनाव आठवेना म्हणून त्यानं 'आपल्या आदिवासी बांधवांचा सुपुत्र' यावर भागवलं. तू किती हट्टी होतास, किती कुत्सित बोलायचास, सरकारी उपक्रमाचं नाव काढलं की कसा खोकला आल्यासारखं करायचास, यातलं काहीच त्यांच्या हातात राहिलं नाही. मला बोलायला उभं केलं. मी म्हटलं, तो माझ्याशी भांडायचा आणि मला त्याची सवय झाली आहे. खाली बसले. लोकांना वाटलं, बाईंना बोलवेना.

घरी रोज माणसं यायची. सोनीबाई प्रत्येकाला पहिल्यापासून सांगायच्या. काल उठला त म्हने, आये, पाय दुखतात. पेजेपर्यंत आलं की तुझी चुलती मध्येच म्हणायची, "ताप आला नि गेला, काय करायचं." आलेला माणूस मान हलवायचा, उठायचा. दुसरा आला की पुन्हा पहिल्यापासून. मी बराच वेळ त्यांच्याजवळ बसून असायची. ऐकत राहिले. तेव्हा मला एक गोष्ट कळली. त्या दर वेळी तेच सांगत नव्हत्या. एकदा तू पेज प्यायल्यावर वाटी स्वतः विसळून ठेवलीस ते आलं. एकदा तू झोपेत इंग्रजी बोलत होतास ते आलं. एकदा म्हणाल्या, जीपमध्ये बसताना तू म्हणालास, आये, बाईंचा फोन आला त सांग, उद्या बोलतो.

त्या संध्याकाळी माझ्या बहिणीचा ठाण्याहून फोन आला. तिनं विचारलं, तुझा तो विद्यार्थी कशानं गेला गं? मी म्हटलं, सिकल सेलचा अटॅक आला, नाशिकला नेताना गेला. ती हळहळली आणि आम्ही दुसऱ्या विषयावर गेलो. फोन ठेवल्यावर मी माझं वाक्य पुन्हा मनात म्हणून बघितलं. माझं वाक्य बरोबर होतं. वैद्यकीयदृष्ट्या त्यात कुणी चूक काढणार नाही, त्या डॉक्टरपेक्षा तर ते नक्कीच बरोबर होतं. पण त्यात सोनीबाई नव्हत्या, संपलेल्या गोळ्या नव्हत्या, त्यांनी आल्या आल्या सगळं सांगितलं होतं हे नव्हतं. कुणी मागितलं नसताना मी ते सगळं काढून टाकलं होतं, आणि काढल्याचं मला कळलंही नव्हतं. सवयीनं झालं. चाळीस वर्षांचा हात आहे.

दुसऱ्या दिवशी मी अनघाला लिहिलं. ऐक, काय लिहिलं ते. पहिलं, काशिनाथ गेला म्हणून मी हे लिहीत नाही. दोन राशींची किंमत तपासायला त्यांना एका रूपात आणावंच लागतं, यावर मी ठाम आहे, आणि ते यंत्रानं पोटात करावं. दुसरं, पडद्यावर पोरानं लिहिलेलं जसंच्या तसं राहील. ते बरोबर आहे का हे यंत्र बघेल, पण पोराला काय म्हणायचं होतं हे बाईंना बघायचं असतं, आणि यंत्रानं दिलेलं सोपं रूप बघून ते कळत नाही. पोरानं बटण दाबेपर्यंत एका अक्षराला हात लावायचा नाही. तिसरं, बटण दाबून सोपं केलं की जे काढून टाकलं त्याची अट खाली लिहून आली पाहिजे. क्ष वजा तीन छाटलं तर खाली लिहायचं, क्ष तीन नसेल तर. हे तिसरं माझं आहे. काशिनाथनं ते कधी मागितलेलं नाही, त्याच्या नावावर खपवू नकोस.

म्हणजे तू जिंकला नाहीस. मीही जिंकले नाही. खरं सांगू का, हा तिसरा मुद्दा सुचल्यावर मला तुझ्या आधी तो सुचला याचा आनंद झाला. तुला सांगायला फोनकडे हात गेला होता.

अनघाचं उत्तर लगेच आलं. "ठीक आहे बाई, करते." बस, एवढंच. गुणी मुलगी आहे, तिच्यात दोष नाही. पण माझा तिसरा मुद्दा इतक्या सहज मान्य होण्यासारखा नाही, हे मला ठाऊक आहे. दोन चल घेतले, तीन घेतले, छेदावर छेद चढले की अटी वाढत जातात, शेवटी राशी दोन अक्षरांची आणि खाली अटींची शेपटी हातभर. मग ते सोपं रूप कसलं? कुठली अट लिहायची आणि कुठली सोडायची, हे ठरवणार कोण? माझं उत्तर तयार होतं. फार पक्कं नव्हतं, एका जागी लंगडत होतं, आणि तिथंच नेमकं बोट ठेवायला तू होतास. अनघानं काम सुरू केलं, शाळेत पुढच्या महिन्यात बसेल. ते लंगडं उत्तर घेऊन मी बसले आहे, काशिनाथ, आणि सगळे मला बरोबर आहे म्हणतायत.